हाडं आणि खनिजांच्या संशोधनात नवे आहात? बातमी वेळेत कळण्यासाठी आणि संधी न हुकण्यासाठी काय करावं

अमेरिकन सोसायटी फॉर बोन अँड मिनरल रिसर्च, म्हणजे एएसबीएमआर, हिचं वार्षिक अधिवेशन साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरतं. त्यासाठी अ‍ॅबस्ट्रॅक्ट (कामाचा थोडक्यात सारांश) पाठवायची मुदत त्याआधी काही महिने संपलेली असते. प्रवासखर्चाच्या मदतीसाठीचा अर्ज बहुतेकदा अ‍ॅबस्ट्रॅक्टसोबतच करायचा असतो. म्हणजे दाखवण्याजोगे निष्कर्ष वर्षाच्या सुरुवातीला हातात हवेत, आणि त्यामागचा प्रयोग आदल्या वर्षीच सुरू झालेला हवा. प्रयोगशाळेतला नवा विद्यार्थी मात्र अधिवेशनाचं नाव पहिल्यांदा ऐकतो ते वरिष्ठ मंडळी पोस्टर गुंडाळून नळीत भरत असतात तेव्हा. माझं असंच झालं. पहिल्या वर्षी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी आठवण झाली तेव्हा मुदत टळून तीन आठवडे झाले होते.

या क्षेत्रात हुशार मुलं मागे पडतात ती बहुधा अशीच. काम बरं असतं, पण जाहिरात निघाल्यावर तयारी सुरू होते. ती आधी कशी करायची, ते मी पायरीपायरीने सांगतो. पीएचडीला नुकतेच लागलेले, ऑर्थोपेडिक्स किंवा एंडोक्रिनॉलॉजी करता करता संशोधनाकडे वळलेले, दंतवैद्यकातून किंवा इंजिनिअरिंगमधून हाडांकडे आलेले, असे सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पायरी १ : आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

‘मी हाडांवर काम करतो’ एवढ्यावर कुठलीच बातमी नेमकी शोधता येत नाही. या क्षेत्रात एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वस्त्या आहेत. कोणी हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टवर काम करतं, कोणी हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्टवर, कोणी हाडाच्या आत अडकून राहून दोघांना हुकूम देणाऱ्या ऑस्टिओसाइटवर. कॅल्शियम, फॉस्फेट, पॅराथायरॉइड हॉर्मोन, ड जीवनसत्त्व आणि एफजीएफ २३ (हाडात बनणारं, मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकायला लावणारं हॉर्मोन) यांचा खनिजांचा हिशोब सांभाळणारी मंडळी वेगळी. हाडाची ताकद मोजणारे इंजिनिअर वेगळे, लाखो लोकांच्या नोंदींमधून फ्रॅक्चरचा धोका काढणारे वेगळे, आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टासारख्या (जन्मजात ठिसूळ हाडांच्या) दुर्मिळ आजारांसाठी आयुष्य वाहिलेले वेगळे.

म्हणून वाक्य असं हवं : ‘मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात एफजीएफ २३ वाढल्यावर ऑस्टिओसाइटमध्ये काय बदलतं?’ या वाक्यातला प्रत्येक शब्द पुढे शोधशब्द म्हणून कामाला येतो. कोणती परिषद आपली, कोणता फंड आपल्याला लागू होतो, कोणाला पत्र लिहायचं, हेही त्यातूनच ठरतं. वाक्य चुकलं तरी चालेल. सहा महिन्यांनी ते बदलणारच आहे.

पायरी २ : बातमी आपणहून येईल अशी सोय करा

सुरुवात पबमेडपासून, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या मोफत सूचीपासून. मोफत खातं उघडा, शोध जतन करा आणि दर आठवड्याला ईमेल येईल अशी सोय लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र नुसता ‘बोन’ हा शब्द टाकलात तर अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण, हाडात पसरलेला कर्करोग, दातांचे इम्प्लांट असं सगळं अंगावर येतं आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही ते ईमेल उघडणं बंद करता. एका वेळी दोन कल्पना जोडून शोधा, नको ते शब्द वगळा, आणि आठवड्याला दहा ते वीस शोधनिबंध येतील इतका शोध घट्ट करा. त्याहून जास्त कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट, या क्षेत्राची स्वतःची जर्नलं. १९८६ पासून निघणारं जर्नल ऑफ बोन अँड मिनरल रिसर्च (जेबीएमआर), त्याचं सर्वांना खुलं असलेलं भावंड जेबीएमआर प्लस, तसंच बोन, ऑस्टिओपोरोसिस इंटरनॅशनल आणि कॅल्सिफाइड टिश्यू इंटरनॅशनल. प्रत्येकाच्या नव्या अंकाची अनुक्रमणिका ईमेलवर मागवता येते. अनुक्रमणिका नुसती चाळण्यातही शिक्षण आहे. लोक सध्या काय विचारताहेत, कोणते शब्द नव्याने दिसू लागलेत, कोणत्या गटाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय, हे वर्षभरात आपोआप अंगवळणी पडतं.

तिसरी, संस्थांची पत्रकं. एएसबीएमआर १९७७ साली स्थापन झाली. युरोपात युरोपियन कॅल्सिफाइड टिश्यू सोसायटी, म्हणजे ईसीटीएस, आहे. ऑस्टिओपोरोसिसचं जागतिक काम इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन पाहतं. २० ऑक्टोबरचा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन तेच साजरा करतं. हाडाची घनता मोजण्याच्या तंत्रात रस असेल तर इंटरनॅशनल सोसायटी फॉर क्लिनिकल डेन्सिटोमेट्री, यांत्रिक ताकद आणि सांध्यांकडे ओढा असेल तर ऑर्थोपेडिक रिसर्च सोसायटी, आणि मुलांच्या हाडांसाठी इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन चिल्ड्रन्स बोन हेल्थ. सगळीकडे नाव नोंदवू नका. तुमच्या वाक्याच्या सर्वांत जवळची दोन निवडा आणि त्यांचं प्रत्येक पत्रक शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत अशासाठी की छोट्या शिष्यवृत्त्या, प्रशिक्षणवर्ग आणि समित्यांमधल्या जागा नेहमी तळाशी असतात.

जर्नलमध्ये छापून येण्याआधी पुष्कळ काम बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्ह या संकेतस्थळांवर दिसतं. तिथलं वाचा, पण ते अजून परीक्षकांच्या नजरेखालून गेलेलं नाही हे ध्यानात ठेवा. औषधांच्या चाचण्यांत रस असेल तर क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत आजाराचं नाव टाकून महिन्यातून एकदा डोकवा. निष्कर्षाची बातमी यायच्या दोन-तीन वर्षं आधी चाचणीची नोंद तिथे झालेली असते. कोण काय करतंय याचा इतका आधी सुगावा देणारी दुसरी जागा नाही.

पायरी ३ : बातमी वाचायची कशी

या पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

पहिला प्रश्न : मोजलं काय? हाडाची घनता, रक्तातले मार्कर, की प्रत्यक्ष फ्रॅक्चर? १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने टी-स्कोअर (निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरी घनतेपासूनचं अंतर) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, अशी व्याख्या केली आणि घनता हा सगळ्यांच्या बोलण्यातला आकडा झाला. पण रुग्णाला घनतेशी देणंघेणं नसतं. खुबा मोडू नये एवढंच त्याला हवं असतं. घनता वाढली म्हणजे फ्रॅक्चर टळलंच असं नाही. रुग्णाचं वय, पूर्वीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइड चालू आहेत का, हे सगळं धोक्यात मोजलं जातं. २००८ साली आलेलं फ्रॅक्स हे गणनयंत्र हेच करतं. बातमीत ‘हाडं मजबूत झाली’ असं लिहिलं असेल तर शोधनिबंध उघडून नेमकं काय मोजलं ते बघा.

दुसरा प्रश्न : टक्के कशाचे? हाडाची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅब या औषधाची फ्रीडम चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली, ७,८६८ स्त्रियांवर, तीन वर्षांची. मणक्याची नवी फ्रॅक्चरं ६८ टक्क्यांनी घटली, अशी बातमी झाली. प्रत्यक्ष आकडे असे : प्लासिबो, म्हणजे नकली औषधाच्या, गटात ७.२ टक्के, औषधाच्या गटात २.३ टक्के. खुब्याच्या बाबतीत घट ४० टक्के, म्हणजे १.२ वरून ०.७. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण शंभर जणींमागे नेमक्या किती जणींचं फ्रॅक्चर टळलं हे दुसऱ्या मांडणीतूनच कळतं. माझ्या वहीत मी नेहमी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहितो. ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. आणि याच औषधाच्या बाबतीत पुढे काही वर्षांनी आलेली बातमीही सोबत वाचा : ते मध्येच बंद केलं आणि दुसरं औषध लावलं नाही, तर हाडाची झीज उसळी घेते आणि काहींच्या मणक्याची एकाहून अधिक फ्रॅक्चरं होतात. पहिल्या बातमीत हे नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. एका औषधाची गोष्ट एका शोधनिबंधात मावत नाही.

तिसरा प्रश्न : कोणावर? व्हायटल या चाचणीत २५,८७१ जण होते. रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व देऊन फ्रॅक्चर कमी झाली नाहीत, असं २०२२ साली जाहीर झालं. लगेच ‘ड जीवनसत्त्व निरुपयोगी’ अशा बातम्या फिरल्या. पण या लोकांना ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे, हाडं ठिसूळ आहेत, असं पाहून निवडलेलंच नव्हतं. साधारण निरोगी मध्यमवयीन आणि वयस्क माणसांना वरून गोळ्या देऊन फायदा होत नाही, एवढंच ती चाचणी सांगते. मुडदूस झालेल्या मुलाबद्दल ती काही बोलत नाही.

चौथा प्रश्न : उंदरातून माणसापर्यंत किती अंतर राहिलंय? ओडानाकॅटिब हे औषध ऑस्टिओक्लास्टमधल्या कॅथेप्सिन के या एन्झाइमला अडवायचं. सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत फ्रॅक्चर कमीही झाली. पण पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि २०१६ साली कंपनीने ते सोडून दिलं. माणसांवरच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचूनही असं होतं. मग उंदरातल्या निष्कर्षावर ‘लवकरच उपचार’ असा मथळा दिसला तर किती उड्या मारायच्या, ते ज्याचं त्याने ठरवावं.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण मी स्वतः या क्षेत्रात राहिलो तो तिच्यामुळे. स्क्लेरोस्टिओसिस आणि व्हॅन बुचेम हे दोन अतिदुर्मिळ आजार. त्यांत हाड वाढतच जातं, कवटीतल्या नसा दाबल्या जातात, ऐकू येईनासं होतं. त्या मोजक्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्यांना २००१ साली एसओएसटी हे जनुक सापडलं. त्यापासून बनणारं स्क्लेरोस्टिन हे प्रथिन ऑस्टिओसाइट सोडतात आणि ते हाड बांधण्याला लगाम घालतं. लगाम सैल केला तर? या प्रश्नातून रोमोसोझुमॅब हे ऑस्टिओपोरोसिसचं औषध तयार झालं आणि २०१९ साली त्याला मान्यता मिळाली. त्याच्यासोबत हृदयविकाराबद्दलचा इशाराही आला, तोही वाचा. एफजीएफ २३ ची गोष्ट अशीच. २००० साली एका आनुवंशिक मुडदुसाच्या शोधात ते सापडलं आणि २०१८ साली त्याला रोखणारं बुरोसुमॅब हे औषध एक्सएलएच (एफजीएफ २३ वाढल्याने होणारा आनुवंशिक मुडदूस) असलेल्या मुलांच्या हाती आलं. सतरा-अठरा वर्षं. दुर्मिळ आजारावर काम करणाऱ्याला ‘याचा उपयोग काय’ असं कोणी विचारलं, तर या दोन गोष्टी सांगाव्यात.

आणखी एक प्रश्न नव्यांना कोणी शिकवत नाही : हे काम अजून टिकून आहे का? २०१६ साली मार्क बोलंड, अ‍ॅलिसन अव्हेनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच गटाकडून आलेल्या ३३ यादृच्छिक चाचण्यांची सांख्यिकी तपासून दाखवून दिलं की हे आकडे खरे असणं अवघड आहे. त्यांतल्या अनेक चाचण्या खुब्याच्या फ्रॅक्चरबद्दलच्या होत्या. पुढे बरेच निबंध मागे घेतले गेले, पण तोवर त्यांचे आकडे इतरांच्या आढाव्यांत जाऊन बसले होते. म्हणून कुठल्याही जुन्या चाचणीवर स्वतःचं काम उभं करण्याआधी तिच्या पबमेडच्या पानावर माघारीची सूचना आहे का ते पाहा. दोन मिनिटं लागतात.

पायरी ४ : मोजमापाची भाषा

अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाकारले जातात त्यामागे अनेकदा मोजमापाची चुकीची भाषा असते. मायक्रो सीटीसाठी (हाडाची सूक्ष्म रचना दाखवणारं त्रिमितीय स्कॅनिंग) २०१० साली जेबीएमआरमध्ये मार्गदर्शक सूचना आल्या : कोणती मापं द्यायचीच, व्हॉक्सेलचा (त्रिमितीय चित्रातल्या सर्वांत लहान ठिपक्याचा) आकार सांगायचा, जाळीदार हाड आणि बाहेरचं घट्ट हाड वेगळं कसं केलं ते लिहायचं. हिस्टोमॉर्फोमेट्रीची (हाडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याच्या तंत्राची) परिभाषा १९८७ साली ठरली आणि २०१३ साली सुधारली. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी अराइव्ह ही सूचनावली आहे, तिची सुधारित आवृत्ती २०२० ची. ही तीन कागदपत्रं छापून टेबलावर ठेवा. उंदराचं वाण, लिंग आणि वय प्रत्येक तक्त्याखाली लिहा. नेहमीच्या सी५७ब्लॅक६ उंदरांत, विशेषतः माद्यांत, जाळीदार हाड वयाबरोबर भराभर घटतं. आठ आठवड्यांच्या आणि सहा महिन्यांच्या उंदरांची तुलना वय न सांगता केली तर परीक्षक पुढे वाचतच नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

पायरी ५ : संधींची वही

एक वही करा, किंवा स्प्रेडशीट. मी पाच रकाने ठेवतो : संधीचं नाव, मागच्या वर्षीची शेवटची तारीख, पात्रता, शिफारसपत्रं किती, आणि तयारी कधी सुरू करायची. यातला दुसरा रकाना सगळ्यांत कामाचा. यंदाची जाहिरात निघेपर्यंत थांबायचं कारण नाही. बहुतेक संस्थांच्या तारखा दरवर्षी दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने तिथेच येतात. मागच्या वर्षीचा अर्ज उघडून ठेवला की तयारीला सहा महिने मिळतात.

वहीत काय काय भरायचं? वार्षिक परिषदांचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि त्यांच्यासोबतची प्रवास अनुदानं. तरुण संशोधकांसाठीचे पुरस्कार. यांतल्या काहींसाठी वेगळा अर्ज नसतो, अ‍ॅबस्ट्रॅक्ट भरताना एका चौकोनात खूण करायची असते आणि शेकडो जण ती विसरतात. ईसीटीएससारख्या संस्थांचे पीएचडी विद्यार्थ्यांसाठीचे प्रशिक्षणवर्ग. ‘बोन्स अँड टीथ’ या विषयावरची गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स. ती लहान असते, सगळे एकत्र जेवतात, आणि ज्यांची नावं तुम्ही निबंधांवर वाचलेली असतात ते तुमच्या शेजारी बसलेले असतात. तिला जोडून तरुणांसाठी वेगळं सेमिनार असेल तर तेही वहीत टाका. संस्थांचं सभासदत्व विद्यार्थ्यांना सवलतीत मिळतं, आणि बरीच अनुदानं फक्त सभासदांसाठी असतात. त्यामुळे सभासद होण्याची तारीखही वहीत हवी.

पीएचडीनंतरच्या फेलोशिपमध्ये पात्रता म्हणजे बहुधा घड्याळ असतं. युरोपातल्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला कुठल्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो. पण ज्या देशात जायचं तिथे मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी तिथे जाऊन नोकरी धरली आणि मग अर्ज करू म्हटलं, तर दार बंद. तिची मुदत साधारण सप्टेंबरात असते, आणि यजमान प्रयोगशाळेशी बोलणं वसंतातच व्हायला हवं. अमेरिकेत हाडांच्या संशोधनाला पैसा देणारी मुख्य संस्था नियाम्स, म्हणजे सांधे, स्नायू आणि त्वचेच्या आजारांची राष्ट्रीय संस्था. तिथली काही अनुदानं फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतात, पण पोस्टडॉकला स्वतःच्या प्रयोगशाळेपर्यंत नेणारं के९९/आर०० हे अनुदान परदेशी पोस्टडॉकलाही मिळू शकतं, आणि त्यालाही पीएचडीनंतरच्या वर्षांची मर्यादा आहे. बाळंतपण, आजारपण, सक्तीची सेवा यांसाठी वर्षं वाढवून मिळण्याची तरतूद बऱ्याच ठिकाणी आहे. मागायला संकोच करू नका. नियम त्यासाठीच केलेला असतो.

आणि ज्यांच्याकडे फार कोणी वळत नाही त्या रुग्णांच्या संस्था. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा फाउंडेशनची मायकेल गाइसमन फेलोशिप आहे. स्नायूंचं हाड होत जाणाऱ्या एफओपी या आजारासाठी आयएफओपीए संशोधनाला अनुदान देते. हाडं आणि दात नीट घट्ट न होणाऱ्या हायपोफॉस्फेटेशिया या आनुवंशिक आजारासाठी सॉफ्ट बोन्स ही संस्था आहे. रकमा फार मोठ्या नसतात, पण पहिला निधी स्वतःच्या नावावर आणणं म्हणजे पुढच्या प्रत्येक अर्जात एक ठळक ओळ. त्याहून महत्त्वाचं, या संस्थांच्या सभांना रुग्ण आणि त्यांचे आईवडील येतात. आपण मोजतो त्या आकड्याचा अर्थ तिथे कळतो. वेदना, थकवा, शाळा बुडणं यांतलं काही डेक्सावर (हाडाची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीवर) दिसत नाही.

पायरी ६ : प्रयोगशाळा नसतानाही काम

निधी नाही, उंदीर नाहीत, मायक्रो सीटी नाही म्हणून वर्ष वाया घालवणारे मी पाहिलेत. या क्षेत्राचं भाग्य असं की मोठमोठ्या अभ्यासांचा डेटा बाहेरच्यांना वापरता येतो. १९८६ साली सुरू झालेल्या स्टडी ऑफ ऑस्टिओपोरोटिक फ्रॅक्चर्समध्ये ६५ वर्षांवरच्या ९,७०४ स्त्रिया होत्या. त्याच धर्तीवर २००० साली सुरू झालेल्या मिस्टर ओएसमध्ये ५,९९४ पुरुष. दोन्हींचा डेटा नाव नोंदवून मिळतो. अमेरिकेच्या एनहेन्स या आरोग्य आणि आहार पाहणीचे आकडे थेट उतरवून घेता येतात, त्यात काही फेऱ्यांमध्ये डेक्साची मापंही आहेत. जनुकांकडे ओढा असेल तर हाडांच्या जनुकशास्त्रावर काम करणाऱ्या जेफोस या समूहाने आपल्या अभ्यासांचे सारांश आकडे खुले ठेवले आहेत. २०१९ च्या एका कामात ब्रिटनमधल्या लाखो स्वयंसेवकांच्या नोंदी ठेवणाऱ्या यूके बायोबँकच्या ४,२६,८२४ जणांच्या टाचेच्या अल्ट्रासाउंडवरून ५१८ जनुकीय ठिकाणं सापडली. त्यांतल्या बहुतेकांचं हाडात नेमकं काम काय, हे कोणीतरी शोधायचं आहे. यूके बायोबँकच्या मूळ नोंदींसाठी मात्र अर्ज आणि शुल्क दोन्ही लागतं.

एक सावधगिरी. डेटा उघडून ‘कशाचा कशाशी संबंध लागतो’ म्हणून खणत बसू नका. आधी प्रश्न, मग विश्लेषणाचा आराखडा तारखेसह लिहून ठेवा, आणि मगच फाइल उघडा. एखादा सांख्यिकी जाणणारा सहकारी सुरुवातीपासून सोबत घ्या. शेवटी ‘जरा पी व्हॅल्यू काढून दे’ म्हणून त्याच्याकडे जाण्यात त्याचाही अपमान आहे आणि तुमचंही नुकसान.

पायरी ७ : अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि अर्ज

अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये पहिली दोन वाक्यं प्रश्नाला, एक पद्धतीला, आणि उरलेली सगळी जागा आकड्यांना. ‘निष्कर्षांवर चर्चा केली जाईल’ हे वाक्य लिहायची वेळ आली तर तो अ‍ॅबस्ट्रॅक्ट अजून तयार नाही. गटात किती नमुने होते, फरक किती आणि त्याची अनिश्चितता किती, हे असलंच पाहिजे. सर्व सहलेखकांना मसुदा किमान दहा दिवस आधी पाठवा. कामात पेटंट घेण्याजोगं काही असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट प्रसिद्ध होण्याआधी संस्थेच्या संबंधित विभागाशी बोला. नंतर बोलून काही उपयोग होत नाही.

शेवटच्या तारखेची वेळ कोणत्या टाइमझोनची आहे ते वाचा. हे मी अनुभवाने सांगतो. एका अर्जात मी रात्री बाराची वाट पाहत बसलो होतो आणि यजमान शहराच्या घड्याळाने मुदत दुपारीच संपली होती.

शिफारसपत्र मागताना नुसतं ‘सर, पत्र हवंय’ म्हणू नका. महिनाभर आधी विचारा आणि सोबत तीन गोष्टी पाठवा : जाहिरातीची लिंक, तुमचा अर्जाचा मसुदा, आणि त्यांच्याकडे तुम्ही केलेल्या कामाचे चार-पाच मुद्दे. वेळ नाही असं ते म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. नाइलाजाने लिहिलेलं कोमट पत्र त्याहून जास्त नुकसान करतं.

फसवणुकीबद्दल थोडक्यात. ‘आपल्या थोर संशोधनाने आम्ही प्रभावित झालो’ असं म्हणत तुमच्या विषयाशी संबंध नसलेल्या परिषदेचं आमंत्रण आलं, तर ते पुसून टाका. नवं जर्नल दिसलं तर संपादक मंडळावरचे लोक खरोखर हाडांवर काम करतात का ते पाहा, आणि खुल्या जर्नलांची नोंद ठेवणाऱ्या डीओएजेमध्ये त्याचं नाव शोधा. चांगल्या जर्नलचं शुल्क परवडत नसेल तर निबंध पाठवण्याआधी सवलत मागा. अनेक प्रकाशक ती देतात, पण स्वीकृतीनंतर मागितली तर बहुधा नाकारतात.

पायरी ८ : परिषदेत, आणि तिथून परत आल्यावर

शेकडो पोस्टरं असतात. आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिका घेऊन बारा पोस्टरं निवडा. त्यांतली चार तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळची, चार पद्धतीसाठी, आणि चार तुम्हाला काहीच कळत नाही अशा विषयांवरची. पोस्टरसमोर उभं राहून ‘तीन मिनिटांत सांगाल का?’ असं सरळ विचारा. सांगणाऱ्याला आनंदच होतो. मोठ्या शास्त्रज्ञाला गाठायचं असेल तर त्यांच्या भाषणानंतरच्या गर्दीत घुसू नका. त्यांच्याच विद्यार्थ्याच्या पोस्टरपाशी थांबा, ते तिथे येतातच. विचारायचा प्रश्न एकच ठेवा आणि तो त्यांच्या एखाद्या विशिष्ट आकृतीबद्दलचा असू द्या.

परत आल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येकाला पाच ओळींचं पत्र. कुठे भेटलो, काय बोललो, आणि एक ठोस गोष्ट : मागितलेला प्रोटोकॉल, पाठवायचा निबंध, किंवा ‘पुढच्या वर्षी तुमच्याकडे तीन महिन्यांसाठी येता येईल का’ हा थेट प्रश्न. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्या. त्यानंतर नाही.

आणि नकार आला तर, तो येणारच आहे, परीक्षकांचे शेरे त्याच दिवशी वाचा पण उत्तराचा विचार दोन दिवसांनी करा. दोन परीक्षकांनी एकाच वाक्याला अडखळून शेरा मारला असेल, तर तुमच्या मते ते वाक्य कितीही स्वच्छ असलं तरी ते बदलायचं. एकानेच मारला असेल तर गाइडशी बोलून ठरवायचं. मग वही उघडायची, त्या संधीसमोर यंदाची शेवटची तारीख लिहायची, आणि सहा महिने आधीच्या पानावर नव्या मसुद्याची नोंद करून ठेवायची.